इंटरनॅशनल स्कूलमधल्या गणित शिक्षकांचं ट्रेनिंग: बडोद्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांत गणित शिकवणारे बरेच जण आपल्या मराठी घरांतले आहेत, कोणी गुजरात बोर्डातून आलंय, कोणी सीबीएसईतून, कोणी एमएस युनिव्हर्सिटीतून एमएस्सी करून थेट. दांडिया बाजारात भेटा नाहीतर कोणाच्या लग्नात, प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील. ट्रेनिंगनंतर तुम्ही वर्गात विचारता ते प्रश्न बदलले तरच त्या ट्रेनिंगचा उपयोग झाला, फाईलमध्ये सर्टिफिकेट वाढून मुलांना काही मिळत नाही.

मी वर्षानुवर्षं गुजरात बोर्डाचं गणित शिकवलंय, रिझल्टही चांगला आहे. मग मला परत ट्रेनिंग कशाला?

तुमचं गणित पक्कं आहे ही मोठी जमेची बाजू आहे, ती कोणी काढून घेत नाहीये. धडे बरेचसे तेच आहेत, मुलांना विचारतात ते मात्र वेगळं आहे. आपण वर्षानुवर्षं विचारलं की क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवा, मुलं अवयव पाडतात, २ आणि ३ लिहितात, संपलं. आता हेच उलटं विचारून बघा, ज्याची मुळं २ आणि ३ आहेत अशी तीन वेगळी समीकरणं लिहा. अर्धा वर्ग गप्प बसतो, मग कोणीतरी सगळ्याला दोनने गुणतं, कोणी विचारतं की बाई क्यूबिक चालेल का, आणि तिथून जी चर्चा सुरू होते त्यात मुळं, अवयव आणि ग्राफ यांचं नातं मुलं स्वतः शोधतात. आयबीच्या मिडल इयर्स प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एमवायपीत, गणिताचे चार निकष आहेत: ज्ञान आणि समज, पॅटर्न शोधणं, गणितात संवाद साधणं आणि खऱ्या आयुष्यात गणित वापरणं, प्रत्येकाला ८ पैकी गुण. आपल्या बोर्डाच्या पेपरचा जोर मुख्यतः पहिल्यावर असायचा, बाकी तीन शिकवायची आणि तपासायची सवय आपल्याला कोणी लावलीच नाही, त्यामुळे ती आता लावून घ्यावी लागते.

दुसरं कारण मला याहून महत्त्वाचं वाटतं. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ च्या सुमारास एक गोष्ट मांडली, की विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मध्ये एक तिसरं ज्ञान असतं, म्हणजे या विषयात मूल नेमकं कुठे आणि का अडकतं हे माहीत असणं. उदाहरण देते. ०.३५ आणि ०.४ यात मोठं कोणतं? एक मूल म्हणतं ०.३५, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. दुसरं म्हणतं ०.४, आपण टिक करतो आणि पुढे जातो. पण त्या दुसऱ्या मुलाच्या डोक्यात जर असं असेल की पॉइंटनंतर आकडे कमी तर संख्या मोठी, तर ते बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने आलंय. त्याच मुलाला ०.३५ आणि ०.२ द्या, ते ०.२ मोठं म्हणेल. आणि पहिलं मूल, जे आधी चुकलं, ते इथे बरोबर येईल! म्हणजे एका प्रश्नाने काहीच कळत नाही, जोडी लावावी लागते. असे प्रश्न बनवता येणं हीच खरी पीडी, म्हणजे प्रोफेशनल डेव्हलपमेंट, आणि ती बीएडच्या परीक्षेत कोणी विचारत नाही.

आयबीची कॅटेगरी १, २, ३ ही काय भानगड आहे?

या आयबीच्या शिक्षक-वर्कशॉपच्या तीन पातळ्या. कॅटेगरी १ नवीन शिक्षकांसाठी असते, प्रोग्रॅम काय आहे, आयबीचं विषयाचं गाईड कसं वाचायचं, मूल्यमापन कसं होतं वगैरे. कॅटेगरी २ शिकवत असलेल्यांसाठी, आणि कॅटेगरी ३ एखाद्या विषयात खोल जायचं असेल तर. समोरासमोरचं वर्कशॉप दोन-तीन दिवसांचं असतं, ऑनलाइन असेल तर काही आठवडे चालतं आणि घरी बसून असाइनमेंट कराव्या लागतात. माझा सल्ला असा की कॅटेगरी १ ला जायच्या आधी विषयाचं गाईड एकदा पूर्ण वाचून जा, हातात पेन्सिल घेऊन, नाहीतर वर्कशॉपचा सगळा वेळ गाईडची पानं कळून घेण्यातच जातो. आणि कॅटेगरी २ घाईने करू नका, एक बॅच परीक्षेपर्यंत नेऊन मग जा, तेव्हा तुमच्याकडे विचारायला खरे प्रश्न असतील.

एए आणि एआय यात शिकवायला अवघड काय?

२०१९ पासून आयबी डिप्लोमाचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, गणित दोन वाटांनी जातं, ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस म्हणजे एए आणि ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन म्हणजे एआय, दोन्ही एसएल (स्टँडर्ड लेव्हल) आणि एचएल (हायर लेव्हल), पहिली परीक्षा २०२१ ला झाली. एसएलला १५० तास, एचएलला २४० तास धरलेत. एएचा पेपर १ कॅल्क्युलेटरशिवाय असतो, एआयमध्ये सगळ्या पेपरला कॅल्क्युलेटर चालतो, आणि एचएलवाल्यांना दोन्हीकडे पेपर ३ असतो.

आपल्याकडच्या शिक्षकांना एए ओळखीचं वाटतं, कॅल्क्युलस, ट्रिग, प्रूफ, आणि एआय म्हणजे हलकं गणित असा एक समज पसरलाय. तो समज काढून टाका. एआयमध्ये वोरोनोई डायग्राम आहे, काय-स्क्वेअर टेस्ट आहे, टी-टेस्ट आहे, एचएलला ग्राफ थिअरी आणि ट्रान्झिशन मॅट्रिक्स आहेत, आणि आपल्यातल्या कित्येकांनी बीएस्सीलाही वोरोनोई पाहिलेलं नसतं. त्यामुळे एआय मिळालं तर विषयाचाच अभ्यास करावा लागतो, पद्धतीचा नंतर. सुरुवातीला मी सुचवते ते असं, बडोद्याचा नकाशा घ्या, मांडवी, फतेगंज, अलकापुरी आणि मांजलपूर इथे चार ठिपके द्या, समजा चार दवाखाने, आणि मुलांना सांगा की प्रत्येक दवाखान्याला कुठला भाग सगळ्यात जवळ पडतो त्या हद्दी आखा. दोन बिंदूंचे लंबदुभाजक तर मुलांना आठवीपासून येतात. मग कोणीतरी नक्की विचारतं की मध्ये विश्वामित्री आहे, पुलावरून वळून जावं लागतं, मग सरळ अंतराला अर्थ काय? हाच प्रश्न एआयचा गाभा आहे, मॉडेल कुठे चालतं आणि कुठे मोडतं.

आयए तपासायची भीती वाटते. कसं शिकायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि भीती रास्त आहे कारण आपण कधी गणिताचा निबंध तपासलेलाच नाही. आयए म्हणजे इंटर्नल असेसमेंट, गणितात मुलाने स्वतः निवडलेल्या विषयावर लिहायचं मॅथेमॅटिकल एक्स्प्लोरेशन, त्याला अंतिम गुणांत २० टक्के वजन आहे. पाच निकष, एकूण २० गुण: मांडणीला ४, गणिती संवादाला ४, वैयक्तिक सहभागाला ३, रिफ्लेक्शनला ३ आणि गणिताच्या वापराला ६. लांबी साधारण १२ ते २० पानं. शाळा गुण देते, मग नमुने आयबीकडे जातात आणि मॉडरेटर ते बघून शाळेचे गुण वर-खाली करू शकतो, म्हणजे तुम्ही ढिले तपासलेत तर फटका सगळ्या बॅचला बसतो.

शिकायचा एकच मार्ग मला खात्रीने माहीत आहे. प्रोग्रॅम रिसोर्स सेंटर या आयबीच्या शिक्षकांसाठीच्या वेबसाइटवर गुण दिलेले नमुने असतात, त्यातला एक घ्या, गुण झाकून ठेवा, तुम्ही आणि अजून दोघं जण वेगवेगळं बसून तपासा, मग एकत्र या आणि जिथे फरक आहे तिथे भांडा, प्रत्येकाने पानावर बोट ठेवून सांगायचं की हा गुण मी इथे दिला. मग आयबीचे गुण उघडा. असे चार-पाच नमुने झाले की हात बसतो, कुठल्याही वर्कशॉपपेक्षा चांगला.

सगळ्यात जास्त गोंधळ वैयक्तिक सहभागात होतो. मूल लिहितं की मला लहानपणापासून क्रिकेट आवडतं, आणि आपण ३ पैकी ३ देऊन टाकतो. ते नाही चालत! आवडतं हे लिहिणं म्हणजे सहभाग नाही, गणितात त्याने स्वतःचं काय केलं ते बघायचं, प्रश्न स्वतः वळवला का, स्वतःचं उदाहरण बनवलं का, एक वाट बंद झाल्यावर दुसरी शोधली का. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली होती. समजा एखाद्या मुलीने त्या दिवसांच्या पाण्याच्या पातळीचे आकडे घेतले, त्यावर कर्व्ह बसवला, चढताना बसणारा कर्व्ह उतरताना बसत नाही हे तिच्या लक्षात आलं, मग तिने दोन तुकड्यांत फंक्शन घेतलं आणि सर्वात वेगाने पाणी कधी चढलं हे डेरिव्हेटिव्हवरून काढलं, तर तिने पुराबद्दल एक वाक्यही भावनेचं लिहिलं नाही तरी सहभाग पानोपानी दिसतो. रिफ्लेक्शनचंही तसंच, शेवटी एक परिच्छेद चिकटवून भागत नाही, जिथे निर्णय घेतला तिथेच तो का घेतला हे यायला हवं. एचएलला गणिताच्या वापराचे वरचे गुण मिळवायचे तर नेमकेपणा आणि तेवढी खोली दोन्ही लागतं. आणि कृपा करून गोल्डन रेशोवर सगळ्या वर्गाला पाठवू नका.

आमची शाळा केंब्रिजची आहे, आम्ही काय करायचं?

आधी आपला सिलॅबस कोड बघा, आयजीसीएसईत (केंब्रिजची दहावी) ०५८० मॅथेमॅटिक्स वेगळं, ०६०७ इंटरनॅशनल मॅथेमॅटिक्स वेगळं, ०६०६ ॲडिशनल वेगळं, आणि ए लेव्हलला (केंब्रिजची बारावी) ९७०९. ०५८० मध्ये २०२५ च्या परीक्षेपासून एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय झालाय, त्यामुळे जुन्या पेपरांवर मुलांना तयार करणाऱ्यांनी जागं व्हायला हवं, अपूर्णांक, सर्ड, अंदाज काढणं हे पुन्हा हाताने करून घ्या.

केंब्रिजवाल्यांसाठी सगळ्यात स्वस्त आणि मस्त ट्रेनिंग म्हणजे मार्क स्कीम आणि एक्झामिनर रिपोर्ट, दोन्ही केंब्रिजच्या स्कूल सपोर्ट हब या शिक्षकांसाठीच्या वेबसाइटवर मिळतात. मार्क स्कीममध्ये एम म्हणजे पद्धतीचा गुण, ए म्हणजे अचूक उत्तराचा, बी म्हणजे स्वतंत्र गुण, शिवाय आधीची चूक पुढे ओढली गेली तर काही ठिकाणी फॉलो-थ्रू मिळतो. तुमच्या मुलांचा सराव पेपर या पद्धतीने तपासा, आणि मग रिपोर्ट उघडून बघा की जगभरची मुलं त्याच प्रश्नात कुठे चुकली. बऱ्याचदा आपली मुलंही तिथेच चुकलेली दिसतात, आणि पुढच्या आठवड्याचा पाठ आपोआप ठरतो.

ग्राफिक कॅल्क्युलेटर कधी हातातच घेतला नाही. काय करू?

शाळेकडून एक घरी घेऊन जा, कॅसिओ असो की टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स), आणि मागच्या वर्षीचा एक पेपर स्वतः त्यावर सोडवा. परीक्षेच्या मोडमध्ये कसा टाकायचा हेही शिकून ठेवा, ऐन दिवशी मुलं तुमच्याकडेच बघतील. ग्राफ काढायची सॉफ्टवेअर जिओजेब्रा आणि डेस्मॉस दोन्ही फुकट आहेत. पण स्लायडर हलवून ग्राफ नाचवून दाखवणं म्हणजे शिकवणं नाही, आधी मुलांना विचारा की ‘अ’ वाढवला तर पॅराबोला कसा बदलेल, वहीत स्केच करायला लावा, मग हलवा. हा क्रम उलटा झाला की मुलं नुसती बघत बसतात.

माझं शिक्षण मराठी-गुजरातीतून झालंय, वर्कशॉपमध्ये फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांपुढे माझं कसं होणार?

होईल, आणि छान होईल. गणितात तुमचं ज्ञान फळ्यावर दिसतं. कोणी उच्चारावरून तुम्हाला कमी लेखत असेल तर तो दोष त्याचा आहे. पेपरमधल्या कमांड टर्म्स मात्र घोटून घ्या, ‘हेन्स’ आलं तर आधीचं उत्तर वापरायलाच हवं, ‘हेन्स ऑर अदरवाइज’ असेल तर दुसरी पद्धत चालते, ‘शो दॅट’मध्ये उत्तर दिलेलंच असतं, गुण पायऱ्यांना. आणि उलट तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी फाडफाडवाल्यांकडे नसते. तुमच्या वर्गात गुजराती, मराठी, सिंधी, कोरियन घरातलं एखादं मूल असतं जे गणित समजतं पण प्रश्नाची भाषा समजत नाही, त्याचं कुठे अडलंय हे तुम्हाला लगेच कळतं. ते वर्कशॉपमध्ये मोठ्याने सांगा.

खर्च कोण करतं? शाळा बॉन्ड लिहून घेते, ते बरोबर आहे का?

आयबीची मान्यता हवी तर शिक्षकांना ट्रेनिंग देणं शाळेवरच येतं, त्यामुळे कॅटेगरी १ चा खर्च शाळेने करावा ही मागणी अजिबात जास्तीची नाही. नोकरी घेतानाच विचारा, लेखी घ्या. बॉन्डची मुदत आणि सोडल्यास किती परत करायचे ते आकडे वाचल्याशिवाय सही नको. आणि सुट्टीतल्या ट्रेनिंगची बदली रजा मिळते का तेही विचारून घ्या, विशेषतः घरी लहान मुलं असलेल्या बायकांनी, कारण ते दिवस शेवटी कोणाच्या तरी खात्यातून जातात.

पैसे न घालवता काय काय मिळतं, आणि बडोद्याजवळ?

केंब्रिज युनिव्हर्सिटीचा एनरिच प्रकल्प फुकट आहे आणि त्यातली कोडी अशी बेतलेली असतात की वर्गातलं सगळ्यात कच्चं मूलही सुरुवात करू शकतं आणि हुशार मुलाला वर जायला जागा राहते. अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीचं ‘ॲट राइट अँगल्स’ हे शालेय गणिताचं मासिक ऑनलाइन वाचता येतं, शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेले लेख आहेत. आयआयटी गांधीनगरचं सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग गणित-विज्ञानाची हाताने करायची मॉडेल्स बनवतं. अहमदाबादचं विक्रम साराभाई कम्युनिटी सायन्स सेंटर तर साठच्या दशकापासून आहे. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, एकदा तरी जाऊन याच. गुजराती वाचता येत असेल, आणि बडोद्यात कोणाला येत नाही, तर गुजरात गणित मंडळाचं ‘सुगणितम्’ बघा, त्यामागे प्र. चु. वैद्य होते, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत ज्यांच्या नावाचं सोल्यूशन आहे ते, आणि इतका मोठा माणूस आयुष्यभर शाळेच्या गणितासाठी झटला याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि आपल्या दारातच युनिव्हर्सिटीची एज्युकेशन अँड सायकॉलॉजी फॅकल्टी आहे. ज्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण सगळीकडे लागू केलं तिथे शिक्षकांनी शिकायला मुंबई-दिल्लीकडेच बघत राहावं हे मला पटत नाही.

प्रायमरीच्या शिक्षकांना हे सगळं लागतं का? आम्ही तर सगळेच विषय शिकवतो.

तुम्हालाच सगळ्यात जास्त लागतं, कारण भीती तिसरी-चौथीत बसते. स्वतःला एक प्रश्न विचारा, ३/४ भागिले १/२ यावर एक छोटी गोष्ट बनवा. उलटा करून गुणायचं हे सगळ्यांना येतं, दीड उत्तर निघतं, पण गोष्ट बनवायला बसलं की बरेच जण पाऊण वस्तू दोघांत वाटतात, आणि ते तर २ ने भागणं झालं. बरोबर गोष्ट अशी, पाऊण मीटर रिबनमधून अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतील. आधी खरी रिबन कापा, मग चित्र काढा, मग आकड्यात लिहा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूनरच्या कल्पनेवर उभा राहिलेला हा क्रम सिंगापूरने देशभर वापरला. आपल्याकडे शेवटच्या पायरीवर उडी मारायची घाई असते.

सीबीएसईतल्या मैत्रिणीला वर्षाला ५० तास भरावे लागतात. आम्हालाही?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दर शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास असं म्हटलंय आणि सीबीएसईने ते लावून धरलंय. तुमच्या शाळेचा नियम को-ऑर्डिनेटरला विचारा. तास मोजण्यापेक्षा काय केलं याची एक वही ठेवा, पुढच्या इंटरव्ह्यूत ती वही जास्त बोलते.

आमच्या शाळेत सीनियर गणिताला मी एकटीच आहे. कोणाबरोबर शिकू?

शहरातल्या दुसऱ्या शाळेतल्या एकट्या शिक्षकाबरोबर! जपानमध्ये लेसन स्टडी नावाची जुनी पद्धत आहे. तिघं-चौघं मिळून एकच पाठ बारकाईने बेततात, मुलं काय काय उत्तरं देतील तेही आधी लिहून ठेवतात, मग एक जण शिकवतो आणि बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात. शिक्षकाकडे नाही, मुलांकडे, हे महत्त्वाचं. कोण कुठे थांबलं, कोणी काय खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं. मग बसून बोलायचं, आणि पाठ सुधारून दुसऱ्या वर्गात पुन्हा घ्यायचा. यात कोणाचं ऑब्झर्वेशन होत नाही, कोणाला मार्क मिळत नाहीत, त्यामुळे माणूस मोकळा राहतो. दुसऱ्या शाळेत जायला परवानगी मिळत नसेल तर मुलांच्या उत्तरांचे फोटो, नावं झाकून, घेऊन शनिवारी कोणाच्या तरी घरी बसा. सत्राला एक पाठ झाला तरी पुष्कळ आहे.

वर्कशॉपहून आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

सगळं एकदम बदलायला जाऊ नका, एक वर्ग निवडा आणि एक धडा. त्या धड्यातले तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न एका कागदावर लिहा, त्यातले दोन उलटे करा, किंवा ०.३५ सारखी जोडी लावा. वर्गात विचारा आणि मुलांना बोलू द्या, गप्प वेळ आला की उत्तर सांगून टाकायचा मोह आवरा. संध्याकाळी पाच वह्या घरी आणा, दोन हुशार, दोन मधल्या, एक मागच्या बाकाची, आणि प्रत्येकीबद्दल दोन ओळी लिहा की हे मूल काय विचार करत होतं. साधारण सहा आठवड्यांनी त्याच पाच मुलांच्या वह्या पुन्हा उघडा आणि आधीच्या ओळींशेजारी ठेवून वाचा, त्यात काही हललेलं दिसलं नाही तर को-ऑर्डिनेटरला तसं स्पष्ट सांगा आणि पुढचं वर्कशॉप निवडताना यादी स्वतः मागून घ्या.